आमच्या घराण्याचं नशीब

मला आत्तापर्यंत ऑनलाइन बक्षिसांत १७ फोन, ४ गाड्या आणि एक परदेशवारी लागलीय, फक्त हातात काही आलेलं नाहीये.

परवा स्क्रीनवर ते "फिरवा आणि बक्षीस जिंका" वालं रंगीत चाक आलं, पहिल्यांदा फिरवलं तर काहीच नाही, दुसऱ्यांदा थेट फोन! मग लेकीने तिच्या मोबाईलवर फिरवलं तर तिलाही दुसऱ्यांदाच, बायकोलाही, आईलाही. मला वाटलं अख्ख्या घराण्याचं नशीब उघडलं. लेक म्हणाली, "बाबा, चाक कुठे थांबायचं ते त्यात आधीच ठरवून ठेवलंय." आणि ते "फक्त ५ मिनिटं उरली" वालं घड्याळ, पेज रिफ्रेश केलं की परत ५! तोवर मी ती लिंक २० जणांना फॉरवर्ड केलेली, त्यात आमचे साहेबही. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला, त्याचा अर्थ अजून लागला नाहीये.

मग मेसेज आला, आधी प्रोसेसिंग फी भरा. मी म्हटलं बक्षिसातूनच कापून घ्या की. समोरचा जो गप्प झाला तो आजतागायत.

त्याहून डेंजर म्हणजे खऱ्या कंपनीच्या पेजवर कॉमेंट केली की लगेच "अभिनंदन" येतं, नाव तेच, लोगो तोच, फक्त नावात एक टिंब जास्त. शाळेत एकेका टिंबासाठी मार्क कापणाऱ्या आमच्या मराठीच्या बाईंचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

आता मी आधी नियम वाचतो. शेवटी एक स्पर्धा सापडली, त्यात आयोजकाचा पत्ता, शेवटची तारीख, विजेता कसा निवडणार, सगळं लिहिलेलं, ओटीपी नाही की फी नाही. सोडत रँडम डॉट ऑर्गवर. ही साइट १९९८ पासून आहे आणि वातावरणातल्या खरखरीवरून आकडे काढते, म्हणजे वशिला लावायचा तर ढगांशी ओळख हवी. (अर्थात आयोजक मनासारखं नाव येईपर्यंत बटण दाबत बसला तर ढग काय करणार, म्हणून सोडत लाइव्ह दाखवतात का तेही बघितलं. दाखवतात.)

तरी कंपनी खरंच आहे ना म्हणून मेव्हण्याला फोन केला. तर म्हणाला, "आहे म्हणजे काय, दोन महिन्यांपासून मी तिथेच नोकरीला आहे!" मी खूश. परत नियम उघडले, सातवा नियम : कर्मचारी आणि त्यांचे निकटचे नातेवाईक भाग घेऊ शकत नाहीत.

मेव्हणा काही फारसा निकटचा नव्हे असं मी म्हणणारच होतो, पण बायको समोरच बसली होती.