'मावळा ९६' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

एनडीएच्या (पुण्याजवळची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मेडिकलमधल्या वजनावर मी लिहिलेल्या लेखाखाली 'मावळा ९६' यांची ही प्रतिक्रिया आली आहे: "काका, पोरांना उगाच घाबरवू नका. चार्टवर दहा टक्के सूट असते, सगळ्या क्लासवाल्यांना माहीत आहे. शेवटचे दोन दिवस पाणी बंद केलं की तीन किलो आरामात उतरतात. माझा मोठा भाचा असाच पास झाला, धाकट्यालाही तेच सांगणार. मुलींबद्दल एक अक्षर नाही. वाचताना झोप आली. आता आराम करा."

'काका' चालेल, वयाने आहेच. लेख लांबला हेही मान्य, आणि मोबाइलवर तक्ता उजवीकडे कापला जातो, तो सुधारून घेतो. पण 'आता आराम करा' हे कुठल्या अधिकाराने? मतभेद असावेत, जरूर असावेत, ते मांडायची एक रीत असते. माझ्या नोकरीचा मोठा भाग लष्करी रुग्णालयात गेला आहे, वजनकाट्याच्या पलीकडच्या बाजूला. तुमच्याकडे एक भाचा आहे. तुलना मी करत नाही, वाचणाऱ्यांनी करावी.

दहा टक्क्यांचं आधी उरकतो. जुन्या तक्त्यात सरासरी वजन दिलेलं असायचं आणि त्याच्या दहा टक्के वर-खाली चालायचं. तो तक्ता गेला. आता यूपीएससीच्या अधिसूचनेत बीएमआयवर (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) बेतलेला तक्ता असतो. त्यात किमान वजन सगळ्या वयांना एकच आणि कमाल वजन वयोगटाप्रमाणे. १७० सेंटिमीटर उंचीला किमान ४९.१ किलो, कमाल वीस वर्षांपर्यंत ६३.६, वीस पूर्ण झाल्यावर तिशीपर्यंत ६६.५. या आकड्यांवर आणखी सूट नाही. ज्यादा वजन चालतं ते फक्त शरीरसौष्ठव, कुस्ती किंवा बॉक्सिंग राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा कागद असेल तर. तेव्हाही बीएमआय २५ च्या आत, मुलाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, कंबर-नितंब प्रमाण ०.९ च्या आत आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल लागतात. कोल्हापूरच्या तालमीत चार वर्षं घाम गाळलेल्या पोराला जिल्ह्याचं प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही. क्लासवाल्यांना काय माहीत आहे ते क्लासवाल्यांनाच विचारा. ६३.६ वर दहा टक्के चढवून कुणी ६९ किलोने गेला, तर अपिलाच्या, म्हणजे फेरतपासणीच्या, मुदतीतही त्याचं काम होणं कठीण.

आता ते 'दोन दिवस पाणी बंद'. या एका वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय.

कुठले दोन दिवस, मावळासाहेब? आर्मीच्या एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडायच्या पाच दिवसांच्या मुलाखतीत, साधारणपणे पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या, तिसऱ्या-चौथ्याला जीटीओ (मैदानावरची गटाने करायची कामं) आणि पाचव्याला कॉन्फरन्स (निवड मंडळासमोरची शेवटची भेट). रेकमेंड झालेल्यांचं, म्हणजे तिथे निवडलेल्यांचं, मेडिकल त्याला लागूनच सुरू होतं. म्हणजे तुमचे 'शेवटचे दोन दिवस' अडथळ्यांच्या मैदानावर आणि कॉन्फरन्सच्या खुर्चीत जातात. घसा कोरडा पडलेला पोरगा ग्रुप टास्कमध्ये काय बोलणार? रेकमेंडच झाला नाही तर वजन कोण करणार?

समजा, तरीही जमवलं. मेडिकल एका तासात आटपत नाही, काही दिवस चालतं. त्यात पोटाची सोनोग्राफी असते. तिला उपाशीपोटी जायचं, पण मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून आधी लिटरभर पाणी प्यायला लावतात. एक लिटर म्हणजे एक किलो. वजनाची पाळी त्यानंतर आली तर तुमच्या तीन किलोंतला एक तिथेच परत. लघवीचा नमुनाही द्यायचा असतो. पाणी तोडून वर तासभर धावलेल्याची लघवी गडद येते, तिच्यात प्रथिनं दिसू शकतात, उपासामुळे कीटोन येतात. नाडी जलद लागते. म्हणजे वजन बसलं आणि दुसऱ्याच कारणासाठी डॉक्टरांनी थांबवलं. पाणी उतरवायच्या गोळ्या घेणारे तर वेगळेच शहाणे. त्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तीन किलो 'उतरतात' म्हणता, ते पाणीच असतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेचा साठा) जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी तोडली की दोघं मिळून जातात आणि एका जेवणानंतर परत यायला लागतात. चरबीचा हिशेब निराळा आहे: एका किलोमागे साधारण ७७०० कॅलरी. भाचा पास झाला, अभिनंदन. तो मुळातच किलोभराने वर असेल.

ओव्हरवेट म्हणून टीआर (टेम्पररी रिजेक्शन, तात्पुरतं अपात्र) लागला तर अपील मेडिकल बोर्डासाठी ४२ दिवस असतात. १८ वर्षांचा, १७० सेंटिमीटरचा, ६७ किलोचा मुलगा घ्या. उतरवायचे ३.४ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ६२० कॅलरींची तूट. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा बिनसाखरेचे केले की १६० गेल्या. दिवसभराच्या स्वयंपाकातलं त्याच्या वाट्याचं तेल दोन मोठ्या चमच्यांनी कमी केलं की २४०. पाच किलोमीटर धावला की सव्वातीनशेच्या आसपास. झालं की! भाकरी सोडायची गरज नाही. जेवणात उसळ, अंडी, ताक वाढवायचं, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झिजतात.

बिघडतं ते पहिल्या आठवड्यात. कधी न धावलेला पोरगा एकदम रोज दहा किलोमीटर धावतो, नडगी दुखायला लागते, सूज पाणी धरून ठेवते आणि काटा हलत नाही. मग तो घाबरून जेवण तोडतो. त्याऐवजी पहिले दहा दिवस एक दिवस धावायचं, एक दिवस भरभर चालायचं. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करायचं आणि आठवड्याची सरासरी बघायची, एका दिवसाचा आकडा नाही. घरचा काटा तपासून घ्या: न फोडलेली दहा किलोची तांदळाची पिशवी हातात घेऊन उभे राहा, मग तिच्याशिवाय. फरक दहाच यायला हवा. तरीही तक्त्याच्या दीड किलो खाली राहूनच जा. आदल्या रात्री लोणचं-पापड नको.

उंचीकडे कुणी लक्ष देत नाही. माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर खचतो, आणि १७० ऐवजी १६९ भरली तर मर्यादा ६३.६ वरून ६२.८ वर येते. त्यामुळे घरी सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मोजा आणि कमी आकडा धरून चाला. मोजताना टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला टेकलेली, नजर सरळ.

मुलींचा विषय वेगळ्या लेखाचा आहे. लिहीन तेव्हा लिहीन.

झोप आली म्हणालात, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही 'घाबरवू नका' म्हणता ती पोरं मला मेल करतात, आणि त्यांतली बरीचशी अपिलाच्या मुदतीचे जेमतेम दहा दिवस उरल्यावर करतात, कारण तोवर कुणीतरी त्यांना दहा टक्के सूट सांगितलेली असते. इथून पुढे अशा युक्त्या प्रतिक्रियांमध्ये आल्या तर मी त्या उडवणार आहे. याला मुस्कटदाबी म्हणायचं तर म्हणा.

धाकट्या भाच्याची उंची, सकाळचं वजन आणि वीस पूर्ण व्हायची तारीख तेवढी लिहून पाठवा. एसएसबीचं पत्र यायच्या आधी पाठवा.