‘एलियन हायवे’वाला फॉरवर्ड आणि खरा रस्ता

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या एका रस्त्याचा मेसेज पुन्हा फिरतोय. सारांश असा: वाळवंटातला १५८ किलोमीटरचा रस्ता, तिथे उडत्या तबकड्या उतरल्या म्हणून सरकारने त्याला ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’ असं नाव दिलं, तो थेट एरिया ५१ या अमेरिकी हवाई दलाच्या गुप्त तळाच्या फाटकाशी संपतो, सामान्य माणसाला तिथे मज्जाव आहे, आणि रात्री दिसणारे दिवे हाच पुरावा. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनीही टाकला, वर ‘सत्य घटना’ अशी पाटी लावून. काका, लांबी बरोबर आहे. बाकीचं बघू.

आधी तो संपतो कुठे ते पाहू. हा रस्ता, म्हणजे स्टेट रूट ३७५, क्रिस्टल स्प्रिंग्सपासून सुरू होतो आणि वायव्येला वॉर्म स्प्रिंग्सला यूएस ६ या महामार्गाला जाऊन मिळतो. तिथे फाटक नाही, बंद पडलेलं हॉटेल आणि गरम पाण्याचा झरा आहे. मधली वस्ती एकच, रेचल, माणसं पन्नासेक. जवळच्या टेम्पियूटच्या टंगस्टन खाणीमुळे तिथे माणसं टिकली आणि वस्तीत जन्मलेल्या पहिल्या मुलीचं नाव वस्तीला मिळालं. एरिया ५१ म्हणजे ग्रूम लेकचा तळ डोंगरांपलीकडे आहे. तिकडे एक कच्चा रस्ता फुटतो आणि मज्जाव त्याच्या टोकाला, तळाच्या हद्दीवर आहे. हमरस्त्यावरून तळ दिसतही नाही. जवळच्या दोन टेकड्यांवरून दिसायचा, त्या १९९५ मध्ये बंद केल्या. आता टिकाबू शिखर चढायचं आणि सुमारे ४२ किलोमीटरवरून दुर्बिणीने बघायचं.

मज्जावाचं म्हणाल तर हा सरकारी डांबरी रस्ता कुणालाही खुला आहे. दिवसाला जेमतेम दोनशे गाड्या जातात, म्हणून ओसाड वाटतो इतकंच.

नावाची गोष्ट जास्त मजेशीर. आधी हा स्टेट रूट २५ चा तुकडा होता. १९७६ पासून राज्याने रस्त्यांचे क्रमांक बदलायला घेतले, त्यात ३७५ हा आकडा आला. १९८९ मध्ये बॉब लझार नावाच्या माणसाने लास व्हेगसच्या टीव्हीवर सांगितलं की आपण तळाजवळ परग्रहावरच्या यानांवर काम केलं, आणि हौशी लोकांची रीघ लागली. नाव द्यायचं विधेयक १९९५ मध्ये एका सभागृहात पास झालं, दुसऱ्यात अडकलं. मग १९९६ मध्ये राज्याच्या वाहतूक मंडळाने नाव मंजूर केलं. कारण पर्यटन. एप्रिलमधल्या समारंभाला त्या उन्हाळ्यात येणाऱ्या एलियनपटातली मंडळी हजर होती. काही पाट्या जमिनीवर आडव्या ठेवा, म्हणजे एलियन्सना उतरता येईल, असा विनोद गव्हर्नर बॉब मिलर यांनीच केला होता. या पाट्या इतक्या चोरीला जातात आणि त्यांच्यावर इतके स्टिकर चिकटवतात की खालची अक्षरं शोधावी लागतात.

रस्त्याकडेची ‘गूढ काळी पेटी’ही मेसेजमध्ये असतेच. ती एका गुरंवाल्याची टपालपेटी होती. लोक तीत एलियन्ससाठी चिठ्ठ्या टाकायचे. शेवटी बिचाऱ्याने १९९६ मध्ये पांढरी, मजबूत पेटी बसवली. नाव मात्र ‘काळी पेटी’च राहिलं.

आता दिवे. लोकांनी काही पाहिलंच नाही, असं मी म्हणत नाही. १९५५ पासून ग्रूम लेकवर यू-२ या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या चालू होत्या. तेव्हाची प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवर, यू-२ साठ हजारांच्याही वर. संध्याकाळी खालच्या वैमानिकाभोवती अंधार पडलेला असायचा, पण एवढ्या उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसायचा. यू-२ च्या चंदेरी पंखांवर ऊन पडलं की खालून जळता गोळा दिसायचा. इतक्या उंचीवर विमान जातं हेच तेव्हा कुणाला पटलं नसतं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये खुल्या झालेल्या सीआयएच्या इतिहासात हे आहे, एरिया ५१ च्या नावासकट. १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चं दशक, या काळातल्या निम्म्याहून जास्त यूएफओ-नोंदी (आकाशात अनोळखी काही उडताना दिसल्याच्या) अशा विमानांच्याच, असं त्यात म्हटलंय. हा ‘निम्म्याहून जास्त’चा दावा सीआयएचा स्वतःचा आहे, तोही डोळे मिटून घेऊ नये. पण विमानं खरी होती.

काका, अमेरिकेतल्या मुलाकडे गेलात तर जरूर जा. टाकी पूर्ण भरून घ्या. गुरं मोकळी चरतात, कुंपण नसतं, त्यामुळे रात्री दिव्यांच्या उजेडात समोर दोन डोळे चमकले तर आधी ब्रेक दाबा. बहुतेक गाय असेल.