माझा डोंगर पर्वती

निवृत्त माणसाला मुलाने दिलेली भेट नाकारता येत नाही, आणि मुलगा ऑकलंडला राहत असेल तर ती दुकानात परत करून बदलूनही घेता येत नाही. एवढ्याच कारणाने गेल्या फेब्रुवारीत मी न्यूझीलंडच्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात, दहा जणांच्या तुकडीत, पाठीवर पिशवी आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन उभा होतो. सहलीच्या माहितीपत्रकात ‘छोटा गट’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापले होते. छोट्या गटाचा तोटा मात्र त्यात कुठेही दिलेला नव्हता. चाळीस जणांच्या यात्रेत मागे पडलेला माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. दहा जणांत तो पहिल्याच वळणावर लक्षात येतो आणि उरलेले नऊ जण थांबून त्याच्याकडे अतिशय सौजन्याने पाहत राहतात.

माझी तयारी म्हणजे महिनाभर रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या. सौभाग्यवतींची तयारी म्हणजे गेली वीस वर्षे दर रविवारी सिंहगड. हा फरक ऑकलंडच्या विमानतळावरच उघड झाला. परक्या मातीतून रोगजंतू आणि बिया येऊ नयेत म्हणून तिथे पादत्राणांची कसून तपासणी होते. माझे कोरे करकरीत बूट अधिकाऱ्याने उलटेपालटे करून निर्विकारपणे परत दिले. हिच्या बुटांच्या खाचांत सिंहगडाची माती सापडली, तेव्हा ते आत नेऊन, स्वच्छ धुऊन, दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवण्यात आले. पस्तीस वर्षांच्या संसारात मला जे सुचले नव्हते, ते एका परक्या सरकारने पहिल्या तासात करून दाखवले.

खरी परीक्षा पायांची असेल, हा माझा समज पहिल्याच संध्याकाळी मोडला. आमची मार्गदर्शिका नाती तुवारेतोआ या माओरी जमातीची होती. तिने उभे राहून स्वतःची ओळख करून दिली : टोंगारिरो हा माझा पर्वत, टाउपो हे माझे सरोवर, ते आरावा ही माझ्या पूर्वजांना घेऊन आलेली होडी, तुवारेतोआ ही माझी जमात. नाव तिने सर्वांत शेवटी सांगितले, तेही जाता जाता सांगावे तसे. या परिचयाला ‘पेपेहा’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी माराएवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, आम्हा प्रत्येकाला तो द्यायचा होता. चौतीस वर्षे बँकेत मी आधी हुद्दा आणि मग नाव सांगत आलो. माझा डोंगर कोणता, हे मला ना कधी कोणत्या ग्राहकाने विचारले, ना कोणत्या तपासनीसाने.

त्या रात्री विश्रामगृहात कोणालाच धड झोप लागली नाही. नेदरलँड्सच्या जोडप्यापुढे तर मूळ प्रश्नच होता, कारण त्यांच्या गावाच्या आसपास डोंगर नव्हता. अखेर समुद्राच्या बांधालाच पर्वत म्हणायचे, असे त्यांनी ठरवले. मी येरझारा घालू लागलो, तेव्हा ही पांघरुणातूनच म्हणाली, “अहो, सत्यनारायणाला बसता तेव्हा गुरुजी काय म्हणवून घेतात?”

दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे! आजवर पंचवीसएक पूजांत हा संकल्प मी शिऱ्याच्या वासाकडे लक्ष ठेवून म्हटला होता. अरण्य, नदी, नदीचा कोणता काठ, मग गोत्र आणि त्यानंतर नाव. म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पेपेहाच म्हणत आलो होतो. फरक एवढाच की माओरी माणसाला आपण काय म्हणतो आहोत हे ठाऊक असते. उद्यानाच्या पायथ्याशी असलेल्या वसतीचे नाव ‘फाकापापा’ आहे, हे ऐकून मी दुपारी हसलो होतो. त्या शब्दाचा अर्थ वंशावळ असा होतो, हे समजल्यावर आता ओशाळलो.

तेव्हा पर्वत पर्वती, नदी मुठा (तिची सद्यःस्थिती सांगायची नाही, असे आम्ही उभयतांनी ठरवले) आणि होडीच्या जागी डेक्कन क्वीन, कारण अकरा वर्षे पास काढून मी तिच्यातूनच मुंबईला गेलो आणि सुखरूप परत आलो.

माराएवर स्त्रियांनी लांब, आर्त स्वरांत हाक घालून आम्हाला आत बोलावले. भाषणानंतर पाहुण्यांनी गायचे असते. जर्मन गृहस्थ माझ्याकडे पाहू लागले, मी हिच्याकडे पाहिले आणि हिने जात्यावरची एक ओवी अशी काही म्हटली की यजमान बायकांनी माना डोलावल्या. माझे काम तिच्यामागे गंभीरपणे उभे राहण्याचे होते, ते मी चोख केले. पेपेहाही पार पडला. एका वृद्ध गृहस्थांनी तेवढे विचारले, “पर्वती किती उंच?” मी उत्तरलो, “१०३ पायऱ्या.” त्यांनी आदराने मान हलवली. त्यानंतर होंगी, म्हणजे नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून एकच श्वास वाटून घेणे. या विधीचे गांभीर्य मला पूर्ण मान्य होते. परंतु सकाळच्या न्याहारीत आपण लसणीची चटणी खाल्ली आहे, हे मला तिसऱ्या नाकाला आठवले. पुढची सगळी नाके मी श्वास रोखून पार केली.

तिसऱ्या दिवशी चढाई. मांगातेपोपोपासून केतेताहीपर्यंतची ही वाट सुमारे वीस किलोमीटरची आहे आणि एकदा निघाल्यावर मध्येच उतरून रिक्षा करण्याची सोय नाही. वाटेत मार्गदर्शिकेने सांगितले की ही शिखरे टापू आहेत. टापू म्हणजे बेट, हा माझा शालेय समज. इथे मात्र टापू म्हणजे पवित्र आणि म्हणून वर्ज्य. पर्वत हे पूर्वज आणि शिखर हे त्यांचे मस्तक, तेव्हा त्यावर पाय ठेवू नये, अशी तुवारेतोआंची विनंती असते. २,२९१ मीटर उंचीच्या नाउरुहोए शिखराकडे मी एकवार पाहिले आणि त्या क्षणापासून मी माओरी परंपरेचा कट्टर अनुयायी झालो. शिखरावर जाऊन येण्याचा विषय एका तरुण कॅनडियनाने काढला, तेव्हा पूर्वजांच्या सन्मानावर मी त्याला भर वाऱ्यात दहा मिनिटे ऐकवले. तेवढीच विश्रांती झाली.

गोष्टी मात्र मी मनापासून ऐकल्या. पिहांगा या सुंदर डोंगरासाठी टोंगारिरो आणि तारानाकी लढले आणि हरलेला तारानाकी रातोरात पश्चिम किनाऱ्याला निघून गेला. आमच्या शाखेतही एकाने याच कारणावरून बदली मागून घेतली होती. १८८७ साली होरोनुकु ते हेउहेउ तुकिनो या प्रमुखाने ही शिखरे सरकारच्या स्वाधीन केली, ती तुकड्यातुकड्यांनी विकली जाऊ नयेत म्हणून. त्यातून देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. टेकडीच्या उतारावर आधी बंगला आणि मग त्याला ‘हिलव्ह्यू’ हे नाव, असा क्रम असलेल्या शहरातून आलेल्या माणसाने यावर न बोलणेच बरे.

१,८८६ मीटरवर, रेड क्रेटरच्या कडेवर, दक्षिणेच्या वाऱ्याने हाडे गोठली. नातोरोइरांगी हा पुरोहित इथे असाच गारठला आणि दक्षिणवारा मला घेऊन चालला, असे ओरडून त्याने दूर हावाइकीतल्या, म्हणजे माओरींच्या मूळ भूमीतल्या, आपल्या बहिणींकडे अग्नी मागितला. त्यातूनच इथले ज्वालामुखी आले, असे सांगतात. मीही ओरडलो. पन्नास पावले पुढे असलेली ही मागे आली आणि तिने थर्मासातला चहा दिला. पुढचा भुसभुशीत उतार मी पाचूच्या रंगाच्या तळ्यांपर्यंत बहुतांशी बसूनच उतरलो. तळ्यांचे पाणीही टापू, त्याला हात लावायचा नाही आणि काठावर खायचे नाही. या एका नियमाशी मात्र माझे थोडे मतभेद झाले, कारण पोळीभाजीचा डबा नेमका तिथेच आठवला होता.

नऊ तासांनी केतेताहीच्या वाहनतळावर मी गाडीच्या पायरीवर बसलो होतो. ती चढणे अजून बाकी होते. मार्गदर्शिकेने उद्याचा बेत सांगितला : तारानाकी धबधब्यापर्यंतची सोपी चाल, सहा किलोमीटर.

“ती जागा टापू आहे का?” मी आशेने विचारले.

“नाही, नाही,” ती हसून म्हणाली, “तिथे हवे तेवढे फिरा.”