माहेरच्या घरावरचा हक्क आणि तो फिरणारा मेसेज

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलीला वडिलांच्या घरात वाटा नाही. वडील 2005 पूर्वी वारले असतील तर कुणाच मुलीला नाही. लग्नात जे दिलं तोच तिचा हिस्सा. आणि नामांतरण (नगर निगमाच्या नोंदीत नाव बदलणं) ज्याच्या नावावर, घर त्याचं. खाली ‘वकिलांचा सल्ला’ असं लिहिलंय. कोणत्या वकिलांचा, ते मात्र गुलदस्त्यात.

1994 ही तारीख बहुधा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून आली असावी. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला आणि आधीच लग्न झालेल्यांना वगळलं. मध्य प्रदेशात तो कायदा कधी नव्हताच. शिवाय हिंदू उत्तराधिकार कायद्यात 9 सप्टेंबर 2005 ला जी केंद्रीय दुरुस्ती होऊन मुलींना देशभर हाच हक्क मिळाला, तिच्यात लग्नाची अटच नाही.

2005 च्या मुद्द्याला एकेकाळी आधार होता. त्या तारखेला वडील हयात हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं होतं. ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने ते रद्द केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

पण हा सगळा वाद वडिलोपार्जित मिळकतीचा. सुदामानगरात वडिलांनी पगारातून प्लॉट घेऊन घर बांधलं असेल तर ती त्यांची स्वकष्टार्जित मिळकत, आणि तिथे हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 पासूनच मुलगा-मुलगी भेद करत नाही. मृत्युपत्र न करता वडील गेले, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण, तर प्रत्येकाला चौथा हिस्सा. (आजी हयात असेल तर तीही वाटेकरी, हे हमखास विसरलं जातं.) पूर्वी एक अडचण होती खरी: भावांनी वाटणी काढेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम 23 सुद्धा 2005 मध्ये गेलं. वडील मृत्युपत्र करून असं घर एकट्या मुलाला देऊ शकतात; मुलीचा वाटा खरोखर जाऊ शकतो तो असा, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

लग्नाचा खर्च वाट्यातून वजा करायची तरतूद कायद्यात नाही. अंगावर घातलेलं सोनं तिचं स्त्रीधन. तिला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर हक्कत्यागाची रजिस्ट्री करावी लागते. तेराव्याच्या गडबडीत साध्या स्टँपपेपरवर घेतलेल्या सहीने घरावरचा हक्क सुटत नाही.

राहिलं नामांतरण. नगर निगमातली नोंद मालमत्ता कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. नामांतरणाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. भावाने एकट्याचं नाव चढवून घेतलं तरी बहीण दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावू शकते.