पाटीवर 60, गाडीत 26

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरवर मोठ्या अक्षरात 60 किलोवॅट. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, गाडीला लावली, गाडीच्या स्क्रीनवर 26. बाकीचे कुठे गेले? शेजारच्या गाडीत! एका मशीनला दोन गन, दोन्ही लागल्या की वीज निम्मी निम्मी, म्हणजे फार तर 30. ठीक आहे, वाटा. पण पाटीवर तसं लिहायला रंग संपला होता का? शेजारी दुसरी गाडी येऊन लागली की आपला तासाचा हिशोब गेला खड्ड्यात, आणि त्या माणसाला दोष तरी कसा देणार, त्यालाही पुढे जायचंच असतं.

शेजारी कुणी नसलं तरी पूर्ण आकडा मिळेलच असं नाही. 50 किलोवॅटचा डीसी चार्जर (थेट बॅटरीत वीज भरणारा, फास्ट) बऱ्याचदा 125 अँपिअरपर्यंतच देतो. बॅटरी 350 व्होल्टची असेल तर गुणाकार करा, 44 च्या आसपास येतं. पन्नास कधी दिसणारच नव्हते!

आणि ते 22 किलोवॅटचे एसी खांब, म्हणजे घरात येते तशी एसी वीज देणारे चार्जर! खरी चीड तिथे येते. बॅटरीत डीसीच जातं, त्यामुळे एसी खांबाला लावलं की विजेचं रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. तो 7.2 चा असेल तर खांब 22 चा असो नाहीतर दोनशेचा, मिळणार 7.2 च. शिवाय ते 22 तीन फेज मिळून होतात. सिंगल फेजवाली गाडी त्यातली एकच फेज घेते, उरलेल्या दोन नुसत्या उभ्या. तरी ॲपमध्ये हा खांब ‘फास्ट’ म्हणून हिरवा चमकतो, आणि आपण हायवे सोडून आशेने आत वळतो.

40 किलोवॅट-अवरची बॅटरी 10 वरून 80 टक्क्यांवर न्यायची म्हणजे 28 युनिट भरायचे (एक किलोवॅट-अवर म्हणजे एक युनिट). 7.2 ने जवळपास चार तास. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तर नऊच्या पुढे. भर हायवेवर चार तास माणसाने करायचं काय? लोक तिथे वीस मिनिटं थांबतात, हातपाय मोकळे करतात, निघतात. अशा जागी स्लो चार्जर बसवायची बुद्धी कुणाची?

बरं, जिथे स्लोच हवा तिथे काय? मुक्कामाच्या ठिकाणी गाडी रात्रभर नुसती उभी असते. दहा तास 7 किलोवॅट मिळाले तरी 70 युनिट होतात, बहुतेक गाड्या सकाळी काठोकाठ. साधा, स्वस्त एसी खांब पुरे, डीसीचं अवजड धूड नकोच. पण तिथे चार्जर नाही. असला तर एकच, आणि त्याच्यासमोर कुणीतरी पेट्रोलची गाडी लावून झोपलेलं!

फास्ट चार्जर अडवून बसणाऱ्यांचं वेगळंच. बाबांनो, 80 टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते, तिच्या जिवासाठीच ते असतं. शेवटच्या वीस टक्क्यांना बऱ्याच गाड्यांत आधीच्या सत्तरइतकाच (10 ते 80) वेळ लागतो. पुढचा चार्जर फार लांब असेल तर भरा शंभर, कुणी अडवत नाही. पण गन लावून गायब व्हायचं, 97 टक्क्यांवर गाडी मुंगीच्या पावलाने वीज पीत बसलीय आणि मागे रांग, हे कसलं वागणं? (थंडीत तर बॅटरी गार असते म्हणून सुरुवातीलाही वेग मिळत नाही. म्हणजे दोन्ही टोकांना आनंद.)

फार काही मागत नाही. पाटीवर एका गनला किती, दोन्ही लागल्या तर किती, आणि एसी की डीसी, एवढं ठळक लिहा. ॲपमध्येही तेच टाका. आणि हायवेवर एसी खांब उभा करून ‘फास्ट’ म्हणणाऱ्याने एकदा स्वतःची गाडी तिथे लावावी आणि चार तास उभं राहून दाखवावं. उभंच, कारण तिथे बसायला बाकडंही ठेवलेलं नसतं.