कांचनार गुग्गुळ आणि मानेतल्या गाठी : खुलासा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की मानेत गाठ आली तर कांचनार गुग्गुळ (आयुर्वेदिक गोळ्या) घ्या, गाठ विरघळते, आणि तपासणीसाठी गाठीत सुई अजिबात टोचून घेऊ नका, कॅन्सर पसरतो. औषध जुनं आहे हे खरं, शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथात गंडमाळेवर, म्हणजे मानेतल्या गाठींवर दिलंय, पण आज त्याचा पुरावा म्हणून जे दाखवतात ते बहुतेक लॅबमधले नाहीतर उंदरांवरचे प्रयोग आहेत, माणसांवर मोठी नीट चाचणी झालेली नाही. मग लोकांना गुण कसा येतो? अहो, घसा, दात किंवा डोक्यातल्या फोडामुळे आलेली गाठ बऱ्याचदा २-४ आठवड्यांत आपोआपच बसते, गुग्गुळ घ्या नाहीतर नका घेऊ.

खरी काळजी टीबीची आहे. आपल्याकडे मानेतली गाठ बरेचदा टीबीची निघते, तिला साधारण ६ महिने गोळ्या लागतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, गुग्गुळाने ती बरी होत नाही. आणि त्या बारीक सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरतो ही भीती प्लीज मनातून काढा, त्या भीतीमुळेच निदान लांबतं. गाठ २-३ आठवड्यांत कमी होत नसेल, कडक लागत असेल, ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर लगेच डॉक्टरकडे जा. रक्त पातळ करायच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर गुग्गुळ विचारल्याशिवाय घेऊ नका.