खापर वाऱ्यावर की पायांवर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. लहान विमानं उतरताना भरकटतात याचं खापर मी वैमानिकाच्या पायांवर (रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, आणि ब्रेक दोन्ही पायांनीच चालतात) फोडलं आणि जुहूची आखूड धावपट्टी, पावसाळी वारा, साचलेलं पाणी विसरलो. ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीवर धावताना विमान अचानक गर्रकन वळणं, ही मागच्या चाकाच्या जुन्या विमानांची गोष्ट असताना आजच्या विमानांना ती चिकटवली. आणि विमानाच्या पुस्तिकेतली १५ नॉट (ताशी सागरी मैल) आडव्या वाऱ्याची मर्यादा सांगितली नाही.

धावपट्टीचं आधी उरकतो. जुहूची ०८/२६ (आकडे दिशेचे: ०८ म्हणजे ८० अंश, २६ म्हणजे २६०) साधारण ११४० मीटरची. सेसना १७२ एस या लहान विमानाला समुद्रसपाटीवर, कोरड्या पट्टीवर, वारा नसताना, टेकल्यापासून थांबेपर्यंत पुस्तिकेप्रमाणे जेमतेम १७५ मीटर लागतात. प्रत्यक्षात याच्या दुप्पट धरा, तरी लांबी उरतेच. आपण बोलतोय ती विमानं बाजूने बाहेर जातात.

आता वारा. २६ वर उतरताय, वारा २०० अंशांवरून १५ नॉट. कोन ६० अंश, म्हणजे आडवा वारा १३ नॉट, डावीकडून. विमान टेकतं आणि हवेतला वेग ५० वरून ३५ नॉटवर येतो. रडरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे तो निम्मा झाला. आडवा वारा मात्र १३ चा १३ च. नाक डावीकडे, वाऱ्याकडे ओढलं जातं. म्हणून उजवा पाय वाढवत न्यायचा, आणि डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, हातातल्या योकने चालते) वेग उतरेल तसं पूर्ण टोकापर्यंत. लोक नेमकं इथेच हुश्श करतात आणि हात सरळ करतात! डावा पंख उचलला जातो, भार उजव्या चाकावर जातो, आणि घाबरून मारलेला ब्रेक उरलंसुरलं बिघडवतो. वारा होताच, उतरणं संपलं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या चाकाबद्दल तुम्ही अर्धं बरोबर लिहिलंत. मागच्या चाकाच्या पुष्पकमध्ये, किंवा जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये जुहूला उतरवलेल्या पुस मॉथमध्ये, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे सुरू झालेलं वळण वाढतच जातं. पुढे चाक असलेल्या १७२ मध्ये तो मुख्य चाकांच्या पुढे असल्याने विमान आपणहून सरळ होऊ पाहतं. पण भार मुख्य चाकांवर असेल तरच. ६१ ऐवजी ७० नॉटने आलात की विमान तरंगत राहतं, आणि मग ते खाली बसवायला योक पुढे ढकलला जातो. भार पुढच्या चाकावर जातो, मुख्य चाकं हलकी होतात, ब्रेक पकडत नाही. आता जमिनीला टेकलेल्या चाकाच्या मागे गुरुत्वमध्य आहे, म्हणजे तुमचं आधुनिक विमान पुष्पकसारखंच वागणार. उपाय: योक मागे, ब्रेकवरून पाय काढा, रडरने दिशा धरा.

टेकताना विमानाने मोठी उसळी घेतली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. पूर्ण पॉवर देताच नाक डावीकडे जातं, वरच्या उदाहरणात वाराही तिकडेच ओढतोय. उजवा पाय थ्रॉटलबरोबरच जायला हवा. उतरण्यासाठी लावलेला ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी सोय) नाक वर ढकलतो, तेही हाताने दाबून धरावं लागतं. फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली सोडलेल्या पट्ट्या) ३० अंशांवरून आधी २०, उरलेले वेग आल्यावर.

१५ नॉट ही मर्यादा नव्हे. चाचणीत तेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलंय, इतकाच त्याचा अर्थ. नवशिक्याने स्वतःचा आकडा याहून बराच खाली ठेवावा, आणि तो झोताच्या वेगावर मोजावा.

पाण्याचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. टायरमधल्या दाबाचं (पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला पौंड) वर्गमूळ गुणिले ९, एवढ्या नॉटला चाक साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतं. ३६ पीएसआयला ५४ नॉट, म्हणजे जवळजवळ टेकण्याचाच वेग. तेव्हा टाचा जमिनीवर (म्हणजे ब्रेक दाबला जात नाही), योक मागे, दिशा फक्त रडरवर. ब्रेक दाबून तिरकं घसरत गेलात आणि मध्येच कोरडा पट्टा लागला, तर चाक एकदम पकडतं आणि विमान झटक्यात बाजूला खेचलं जातं.